अडतीसचे अठ्ठावीस

यूनुस घरटकर गाड्या तपासायचे. दुबईत दर वर्षी मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, नवं करून घ्यायचं तर आधी गाडी तपासणीत पास व्हावी लागते. आपले लोक त्याला ‘पासिंग’ म्हणत. अशा एका केंद्रावर दुसऱ्या नंबरच्या लेनमध्ये यूनुसभाई उभे असायचे, आणि त्याच केंद्राच्या विम्याच्या खिडकीत मी बसायचो. काच पुसलेली असली की त्यांची लेन मला पूर्ण दिसायची. ही जी हकिगत सांगतो आहे त्यातली निम्मी मी त्या काचेतून पाहिली, निम्मी त्यांनी स्वतः मला सांगितली. सांगताना ते माझ्याकडे बघत नसत.

ते म्हसळ्याजवळच्या एका गावचे. सातवीपर्यंत मराठी शाळेत शिकले, मग भायखळ्याच्या एका गॅरेजमध्ये चौदा वर्षं हात काळे केले आणि एक्क्याण्णव साली इकडे आले. दैऱ्यात, नाइफ भागात, एका जुन्या इमारतीत दोन खोल्या घेऊन बायको मैमुनाबी आणि मुलगी एमान यांच्याबरोबर राहत. उंच, जरा वाकलेला माणूस. गाडीखालच्या खड्ड्यात रोज पन्नास वेळा उतरून-चढून पाठ तशीच राहिली असावी. कामाला अतिशय कडक. एकदा आमच्याच मॅनेजरच्या मेहुण्याची गाडी त्यांनी परत पाठवली होती. मॅनेजर आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही, आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही. गाडी बघायची, आकडा लिहायचा, सही करायची. गाडी कोणाची आहे ते वाचायचंच नाही, असं ते म्हणत.

शहाण्णव साली सदानंद लिखिते पहिल्यांदा त्या लेनमध्ये आले. मूळचे पुण्याचे, एका शिपिंग कंपनीत डॉक्युमेंटेशन बघायचे, खाडीपलीकडे बरदुबईत, अल मनखूलला राहायचे, बायको छाया आणि सात वर्षांचा वेदांग. पगारदार माणसानं घ्यावी तशी चार दारांची पांढरी गाडी न घेता त्यांनी देश सोडून निघालेल्या एका इंग्रजाकडून सात वर्षं जुनी स्पोर्ट्स कार घेतली होती. अकरा हजार दिरहॅम, म्हणजे लाखभर रुपये, हे ते स्वतःच प्रत्येकाला सांगत. लाल रंग, दोन दारं, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असायचे आणि बटण दाबलं की वर उघडायचे. पुण्यात हा माणूस पंधरा वर्षं लूना चालवत होता. गाडीतून उतरताना त्यांना एक हात छताला लावून स्वतःला वर ओढून घ्यावं लागे, पण उतरल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा असे.

ती गाडी पहिल्या वर्षी नापास झाली. टायर घासून गुळगुळीत झाले होते. सत्त्याण्णवला सायलेन्सरच्या आवाजावरून नापास झाली. अठ्ठ्याण्णवला एक दिवा उघडला आणि दुसरा मिटलेलाच राहिला. नव्व्याण्णवला मागचे ब्रेक, आणि तेही लागोपाठ दोनदा. दर वेळी लिखिते गॅरेजला जात, दुरुस्ती करत आणि दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या फेरीत पास होऊन जात. पण चार वर्षांत पहिल्या फेरीत पास होणं त्या गाडीला एकदाही जमलं नव्हतं. मार्च-एप्रिल आला की आमच्याकडे चहाच्या वेळी त्यावर बोलणं व्हायचं. यंदा काय निघेल यावर पैजा लागायच्या. यूनुसभाई त्यात नसत, पण एकदा म्हणाले होते, “म्हातारा पैलवान आहे तो. छाती अजून मोठी दिसते, गुडघे गेलेत.”

अठ्ठ्याण्णवला तो दिवा उघडेना तेव्हा लिखिते स्टिअरिंगवर वाकून “उघड की रे बाबा डोळा” असं पुटपुटले, आणि खाली खड्ड्यातून यूनुसभाईंच्या हसण्याचा आवाज आला. तिथून ओळख झाली. वर्षभरात घरी येणं-जाणं सुरू झालं. छायावहिनी पुण्यात एका शाळेत गणित शिकवायच्या. इथे नोकरी नव्हती. एमान तेव्हा आठवीत होती आणि गणितात तिला चौतीस मार्क मिळाले होते. छायावहिनींनी आपणहून सांगितलं, दर मंगळवारी शाळेनंतर तिला माझ्याकडे पाठवा. फीचं नावही काढू दिलं नाही. मैमुनाबी कधी सांदणं करून पाठवत, कधी गावाहून आलेली कोकमं. एमान आब्र्यानं, म्हणजे तिथल्या लाकडी होडीनं, खाडी ओलांडून बरदुबईला यायची, आणि सकाळची पाळी संपली की यूनुसभाई मनखूलला जाऊन तिला परत आणायचे.

छायावहिनींनी त्याच वर्षी लायसन्स काढलं होतं, पण त्या लाल गाडीला त्या हात लावत नसत. नवऱ्याला त्यांनी सरळ सांगितलं होतं, जी गाडी दर वर्षी नापास होते तिच्यात मी माझ्या मुलाला घेऊन बसणार नाही. लिखित्यांना ते फार लागलं होतं.

दोन हजार सालच्या एप्रिलमधली सकाळ. गाडी दुसऱ्या नंबरच्या लेनमध्ये आली. मी खिडकीतच होतो. टायर नवे होते, दिवे दोन्ही उघडले, आवाज बेताचा होता. यूनुसभाई खड्ड्यातून वर आले, गाडी पुढे घेऊन मागची चाकं रोलरवर ठेवली आणि ब्रेक दाबला. मशीनवर दोन काटे होते, डाव्या चाकाचा एक आणि उजव्याचा एक. दोघांत फरक किती टक्के आहे तो काढून फॉर्मवर लिहायचा. आमच्या केंद्रात तीसच्या आत असला तर पास. त्या दिवशी फरक अडतीस होता. उजवं मागचं चाक ब्रेक नीट धरत नव्हतं, आदल्या वर्षीचंच दुखणं.

लिखिते पिवळ्या पट्ट्याच्या मागे उभे होते. त्यांनी काही मागितलं नाही, काही सुचवलं नाही. यूनुसभाईंनी हे मला दहादा तरी सांगितलं असेल. लिखित्यांनी फक्त हात वर केला आणि विचारलं, “एमानचा निकाल लागला ना काल? छाया विचारत होती.”

निकाल लागला होता. चौतीसचे एकाहत्तर झाले होते. मैमुनाबी आदल्या दिवशी तो कागद हातात घेऊन रडल्या होत्या.

यूनुसभाईंनी फॉर्मवर अठ्ठावीस लिहिलं. तीनच्या जागी दोन, एवढंच. मग सही केली.

“एकाहत्तर,” ते लिखित्यांना म्हणाले. “आणि गाडी पास आहे.”

पुढे ते मला म्हणाले की लिहिताना आपण ठरवलं असं काही झालंच नाही. हात पुढे गेला आणि शाई उमटल्यावर त्यांना कळलं. पण फॉर्म फाडून दुसरा लिहायला तिथे गठ्ठाच्या गठ्ठा पडला होता, आणि तो त्यांनी उचलला नाही, हेही ते लगेच सांगत.

लिखिते तासाभरात पेढ्यांचा बॉक्स घेऊन परत आले. गाडी पहिल्या फेरीत पास झाल्याचे पेढे. आम्ही सगळ्यांनी खाल्ले, खूप हसलो. यूनुसभाईंनी एक घेतला आणि हातातच धरून ठेवला. नंतर मी पाहिलं, तो त्यांच्या टेबलावर रुमालाखाली तसाच होता.

चार दिवसांनी त्यांनी लिखित्यांना फोन केला. उजवा मागचा ब्रेक एकदा गॅरेजमध्ये दाखवून घ्या, हवं तर मी बरोबर येतो, असं म्हणाले. लिखिते हसले. अहो, तुमच्याच हाताचा कागद आहे माझ्याकडे, अठ्ठावीस लिहिलंय, मग आता काय दाखवायचं? खरं कारण सांगायचं तर पहिला कागद खोटा होता हे सांगावं लागलं असतं. “असंच आपलं, जुनी गाडी आहे म्हणून,” असं म्हणून यूनुसभाईंनी फोन ठेवला.

मे महिन्यात त्यांची पाळी बदलली. दुपारी एक ते रात्री नऊ. मंगळवारी एमानला आणणार कोण, असा प्रश्न होता. पण त्यांनी काही विचारायच्या आत तो सुटला. पाळी बदलल्यानंतरच्या पहिल्या बुधवारी सकाळी चहा घेताना मैमुनाबींनी सहज सांगितलं की काल छायावहिनी एमानला इमारतीच्या दारापर्यंत सोडून गेल्या, त्या लाल गाडीतून. गाडी यंदा पहिल्या फटक्यात पास झाली म्हणून आता त्या चालवतात म्हणे. मोठ्या खुशीत होत्या. दर मंगळवारी सोडीन म्हणाल्या.

यूनुसभाईंनी अर्धा चहा तसाच ठेवला. मैमुनाबींनी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही.

मनखूलहून नाइफला यायचं तर शिंदघाच्या बोगद्यातून यावं लागतं. उतार, वळण आणि पुढे-मागे ट्रक. यूनुसभाईंना तो बोगदा पाठ होता. पुढचे तीन मंगळवार ते लेनमध्ये उभे राहून साडेपाच वाजायची वाट बघायचे, मग माझ्या खिडकीशी येऊन घरी फोन लावायचे आणि एमान पोचली का एवढंच विचारायचे. मला वाटायचं, मुलगी वयात आलीय, बापाला काळजी असणारच.

तिसऱ्या मंगळवारनंतर एमाननं हसत हसत आईला सांगितलं की बोगद्यात आंटीनं जोरात ब्रेक मारला तेव्हा गाडी डावीकडे खेचली गेली आणि आंटी म्हणाली, या बाईला डावीकडचं वेड आहे. मैमुनाबीही हसल्या. यूनुसभाई उठून बाहेर गेले आणि खालच्या दुकानातून लिखित्यांच्या घरी फोन लावला. सांगायचं हे ठरवूनच ते खाली उतरले होते, पण फोन छायावहिनींनी उचलला.

छायावहिनींनी आधी एमानचं कौतुक केलं. बीजगणित तिला आता आवडायला लागलंय म्हणाल्या. यूनुसभाई ऐकत राहिले. मग म्हणाले, “वहिनी, एमान आता येणार नाही.”

का, असं छायावहिनींनी विचारलं. येण्याजाण्याची अडचण असेल तर मी आहे ना, गाडी आहे, वाटेत काही त्रास नाही. नेमकं गाडीचंच नाव घेतलं त्यांनी. आणि यूनुसभाईंच्या तोंडातून निघालं, “नाही, तसं नाही. मैमुनाला आता पसंत नाही. मुलगी मोठी झाली. दुसऱ्यांच्या घरी, म्हणजे... तुम्ही समजून घ्या.”

मग छायावहिनी म्हणाल्या, “समजलं. तिला म्हणावं अभ्यास सोडू नकोस.” आणि फोन ठेवला.

घरी जाऊन त्यांनी ‘छायावहिनींना आता वेळ नाही’ असं सांगितलं. एमान रागावली. “बट व्हाय, अब्बा? शी नेव्हर सेड दॅट टू मी,” असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि पुढे कितीतरी दिवस गरजेपुरतंच बोलली. आपल्याकडून काही कमी पडलं का, याचाच विचार मैमुनाबी करत राहिल्या. सांदणं पाठवायला महिनाभर जमलं नव्हतं, त्याचं वाईट वाटलं असेल का, असंही एकदा त्यांनी नवऱ्याला विचारलं. यूनुसभाई पेपर उघडून बसले.

आता इथे मला माझंही सांगायला हवं. मैमुनाबींना आता पसंत नाही, ही गोष्ट लिखित्यांनी मला सांगितली तेव्हा मी ‘असं असतं त्यांच्यात’ असं म्हणालो. दोन वर्षं घरटकरांच्या घरचं खाल्लेला माणूस मी, मैमुनाबींना चांगला ओळखणारा. तरी मला क्षणभरही शंका आली नाही. घरी बायकोला, कावेरीला, सांगितलं, तिलाही लगेच पटलं. आमच्या ओळखीतल्या चार-पाच घरांत ते पोचलं. कोणी वाईट बोललं नाही. सगळे समजूतदारपणे बोलले, आणि तेच जास्त वाईट होतं, हे मला फार उशिरा कळलं.

ऑगस्टमध्ये कावेरीला दैऱ्याच्या मासळीबाजारात मैमुनाबी भेटल्या. कावेरीचा स्वभाव मोकळा. तिनं हात धरून सांगितलं, भाभी, रागावू नका, पण एवढ्या हुशार मुलीला घरात बसवू नका, छाया काही परकी नाही, तुम्ही नको म्हणालात त्याचं तिला फार लागलंय. मैमुनाबींना आधी समजेचना. कावेरीनं समजावून सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली, “बघते” म्हणाल्या आणि मासे न घेताच घरी गेल्या.

यूनुसभाई ड्यूटीवर निघायच्या तयारीत होते. मैमुनाबी दारातच उभ्या राहिल्या.

“मी नको म्हटलं? कधी म्हटलं मी?”

यूनुसभाईंनी हातातला बूट खाली ठेवला.

“माझा नाव कशाला घेतलात?” त्या म्हणाल्या. त्यांच्या घरची बोली अशी रागात तेवढी बाहेर यायची. “चार बायकांत मला तोंड दाखवायचंय. माझी आई बुरोंडीच्या शाळेत सगळ्या पोरींच्या पुढे मला बसवायची. आणि मी माझ्या पोरीचा शिकणं बंद करीन?”

तेव्हा यूनुसभाईंनी सगळं सांगितलं. अडतीस, अठ्ठावीस, पेढे, बोगदा. मैमुनाबी उभ्यानंच ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, “त्या गाडीतून छायाताई अजून फिरतात?”

हो, म्हणाले.

“म्हणजे आपली पोर काढून घेतलीत आणि त्यांना तसंच ठेवलंत.”

यूनुसभाई मला म्हणाले की हे वाक्य येईपर्यंत त्यांना तसं दिसलंच नव्हतं. एमान गाडीतून उतरली त्या दिवसापासून त्यांना शांत झोप लागत होती. वेदांग रोज त्याच गाडीतून शाळेत जातो हे त्यांना माहीत होतं, आणि तरी झोप लागत होती.

त्या दिवशी त्यांनी ड्यूटीवर येऊ शकत नसल्याचं कळवलं. दोघं आब्र्यानं बरदुबईला गेली आणि भर दुपारी चालत मनखूलला पोचली. बुधवार होता, लिखिते पाठ धरल्यामुळे घरीच होते. छायावहिनींनी दार उघडलं आणि मैमुनाबींना बघून त्यांचा चेहरा बंद झाला. या, बसा, म्हणाल्या. पाणी आणलं. यूनुसभाई बसले नाहीत.

“गाडी पास नव्हती,” ते म्हणाले. “मी खोटा आकडा लिहिला. आणि हिनं काहीही म्हटलेलं नाही. ते मी रचलं. एमानला त्या गाडीत बसू द्यायचं नव्हतं म्हणून.”

लिखिते आडवे होते ते उठून बसले. त्यांना राग यायच्या आधी गोंधळच झाला. “पण मी तर तुम्हाला काही म्हटलं नव्हतं,” ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. “यूनुसभाई, मी एका शब्दानं काही मागितलं होतं का?”

“नाही, साहेब.”

“मग का?”

“एमानचे मार्क सांगताना मला तुम्हाला नापास म्हणवलं नाही.”

छायावहिनींनी किल्ल्यांच्या हुकावरून गाडीची किल्ली काढली आणि स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली. मग मैमुनाबींकडे वळल्या. “मी तुम्हाला एक फोन करायला हवा होता,” त्या म्हणाल्या. “त्यांनी सांगितलं आणि मी ऐकलं. मला वाटलं, असेल तसं.” मैमुनाबी उठून त्यांच्याजवळ गेल्या नाहीत. मान हलवून ‘ठीक आहे’ म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

लिखित्यांनी यूनुसभाईंना चहाचं विचारलं नाही. निघताना दारापर्यंत आले, एवढंच.

दुसऱ्या दिवशी यूनुसभाई सुपरवायझरकडे गेले. सुपरवायझर सुदानचे होते, वयस्कर, शांत गृहस्थ. एप्रिलचा फॉर्म काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि हिंदीत विचारलं, “कितना लिया?” काही नाही घेतलं, असं यूनुसभाई म्हणाले. सुपरवायझरांचा विश्वास बसेना. नऊ वर्षं काम केलेला माणूस फुकट असं कशाला करेल? सांग, किती घेतलेस, मी वर थोडं कमी करून कळवीन. यूनुसभाई तिथे उभे राहून विचार करत होते की घेतले असते तर निदान सांगायला आकडा तरी असता. मुलीला गणित शिकवलं म्हणून, हे त्यांना त्या खोलीत उच्चारताच आलं नाही.

गाडी परत बोलावून घेतली. त्याच लेनमध्ये, त्याच रोलरवर, सगळ्यांच्या देखत. सुपरवायझरांनी फॉर्म यूनुसभाईंच्याच हातात दिला. फरक आता त्रेचाळीस झाला होता. त्यांनी त्रेचाळीस लिहिलं. सही मात्र त्यांना करू दिली नाही. मी काचेच्या आत मान खाली घालून विम्याचे कागद लावत बसलो होतो, कारण वर बघितलं असतं तर आमची नजरानजर झाली असती.

नोकरी गेली नाही. सुपरवायझरांनी कसं सांभाळलं माहीत नाही. यूनुसभाईंना लेनवरून काढून मागच्या आवारात अवजड गाड्यांकडे टाकलं. तिथे छप्पर नव्हतं. ट्रकच्या टायरवर खडूनं नंबर घालायचे आणि दुसऱ्याच्या सहीसाठी फॉर्म पुढे न्यायचा. दोन वर्षं सहीचा अधिकार नव्हता. त्यांच्याहून दहा वर्षांनी लहान पोरं त्यांच्या फॉर्मवर सही करायची. ते कधी कुरकुरले नाहीत. मीच एकदा म्हणालो, एवढी शिक्षा जरा जास्तच झाली. ते म्हणाले, हे बरं आहे, इथे रोजचं देणं रोज फिटतं.

लिखित्यांनी ब्रेकचं सगळं काम नवं करून घेतलं आणि गाडी पास करून घेतली. पुढच्या वर्षी ती काचांवरच्या काळ्या फिल्मवरून नापास झाली, त्याच्या पुढच्या वर्षी स्टिअरिंगच्या ढिलेपणावरून. मग त्यांनी ती विकली. घेणाऱ्याला त्यांनी सातही वर्षांचे नापासाचे कागद दाखवले, असं ऐकलं.

एमान परत छायावहिनींकडे जाऊ लागली, पण लगेच नाही. दिवाळीनंतर एका मंगळवारी छायावहिनी स्वतः आब्र्यानं खाडी ओलांडून नाइफला आल्या आणि मैमुनाबींच्या स्वयंपाकघरात बसून एमानला त्रिकोणमिती शिकवून गेल्या. दहावीपर्यंत त्यांनी तसंच केलं. दोघी बायका एकमेकींशी बोलायच्या, हसायच्याही. यूनुसभाई घरी असले तर बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहत.

दोन हजार तीनच्या जूनमध्ये लिखिते कुटुंब कायमचं पुण्याला परतायला निघालं. एका शुक्रवारी दुपारी त्यांनी दहा-बारा जणांना जेवायला बोलावलं. आम्ही होतो, घरटकर नवरा-बायको होते. खोकी भरलेली, भिंती रिकाम्या, सतरंजीवर पंगत. वाढणं चाललं असताना लिखित्यांच्या ऑफिसमधल्या एका बाईंनी मैमुनाबींना बघून अगदी आपुलकीनं म्हटलं, “तुम्ही आलात हे फार बरं वाटलं. मी ऐकलं होतं, तुम्हाला इकडे येणं-जाणं पसंत नाही म्हणून.”

तीन वर्षं झाली होती. लिखित्यांनी ज्यांना ज्यांना आधी सांगितलं होतं त्या सगळ्यांना नंतर खरं सांगितलंच असेल असं मी धरून चाललो होतो. आणि मी तरी कोणाला सांगितलं होतं? कावेरीला सांगितलं, बस. ती गोष्ट चार-पाच घरांत तशीच राहिली होती.

मैमुनाबी हसून काहीतरी म्हणायच्या बेतात होत्या. यूनुसभाई तीन ताटं पलीकडे बसले होते. ते उभे राहिले. हातात घास तसाच होता, तो त्यांनी ताटात ठेवला.

“ते मी सांगितलं होतं,” ते म्हणाले. “खोटं सांगितलं होतं. माझं एक चुकीचं काम झाकायला मी बायकोचं नाव पुढे केलं.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, लेनमधल्या आकड्यापासून. आवाज चढवला नाही, एकही गोष्ट गाळली नाही. वेदांग एव्हाना चौदा वर्षांचा झाला होता. तो घास थांबवून ऐकत होता, कारण त्या गाडीतून शाळेत जाणारा मुलगा तोच होता आणि त्याला हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

त्या ऑफिसातल्या बाई कानापर्यंत लाल झाल्या होत्या. लिखिते ताटाकडे बघत होते. कोणीतरी कढी मागितली. छायावहिनी उठल्या, कढी आणली आणि पहिल्यांदा यूनुसभाईंच्या वाटीत वाढली. ते अजून उभेच होते. “बसा,” त्या म्हणाल्या. “गार होतंय.”

जेवण कसंबसं झालं. खाली आलो तेव्हा ऊन रणरणत होतं. आब्र्यापर्यंत आम्ही चौघं बरोबरच चाललो. बोटीत यूनुसभाई आणि मैमुनाबी एका बाकावर बसले, मी आणि कावेरी समोर. मग मैमुनाबी नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, “एवढं सगळ्यांसमोर नको होतं. मुलगा ऐकत होता.”

“हो,” यूनुसभाई म्हणाले.

“आधीच सांगायचं होतंत. तीन वर्षं होती.”

“हो.”

दैऱ्याच्या धक्क्याला बोट टेकली तेव्हा यूनुसभाई आधी उतरले आणि बायकोला उतरायला हात पुढे केला. मैमुनाबींनी हातातली डब्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि स्वतःच्या पायानं उतरल्या.